वाइनचं मशीन, अण्णांची सही आणि निळं सिलिंडर

होटगी रोडवरच्या आमच्या परमिट रूममध्ये नोव्हेंबर २०२४ पासून एक मशीन आहे. दिसायला काचेच्या कपाटासारखं. आत वाइनच्या चार बाटल्या उभ्या, प्रत्येकीच्या वर एक तोटी. कार्ड लावलं, बटण दाबलं की ग्लासात ३०, ६० किंवा १५० मिली वाइन पडते, जसं बटण तसं माप. परदेशात दुकानांतून, बारमधून लोक स्वतःच ग्लास लावून चव घेत फिरतात, ते हेच. हे सोलापुरात चालू करायला मला जवळजवळ सहा महिने लागले. सुरुवातीला कुणाला काय विचारायचं हेही कळत नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी दुखणं काय होतं ते सांगते. आमच्याकडे वाइन विकली जायची ती फक्त बाटलीने. ७५० मिलीची बाटली उघडायची म्हणजे टेबलावर निदान तिघं तरी वाइन पिणारे हवेत. एकाने ग्लास मागितला की मी जीव मुठीत धरून बाटली उघडायचे. हवा लागली की वाइनचं काही खरं नाही. रेड तिसऱ्या दिवशी उतरायची, पाचव्या दिवशी मटणाच्या मॅरिनेशनला जायची. आमचा आचारी खूश, मी नाही. २०२३-२४ च्या वर्षात अशा किती बाटल्या किचनमध्ये गेल्या हे मार्चअखेरीस रजिस्टरवरून मोजलं. एकेचाळीस. लायसन्सची फी भरायच्याच आठवड्यात हा आकडा समोर आला, त्यामुळे जास्तच बोचला.

मशीनची कल्पना तशी सोपी आहे. बाटलीच्या तोंडावर घट्ट बूच बसतं, त्यातून एक नळी तळापर्यंत जाते. वरून आरगॉन किंवा नायट्रोजन आत सोडतात. तो गॅस वाइनला दाबतो, वाइन नळीतून वर चढून तोटीतून बाहेर पडते आणि रिकाम्या जागी हवेऐवजी गॅसच बसतो. ऑक्सिजन नाही, म्हणून वाइन बिघडत नाही. मशीनवाले साधारण तीन आठवड्यांची ग्वाही देतात. या प्रकाराचं नाव जगभर झालं ते इटलीतल्या एनोमॅटिक कंपनीमुळे. नवं मशीन आमच्या ऐपतीबाहेरचं होतं.

मे महिन्यात पुण्यातलं एक रेस्टॉरंट बंद होऊन सामान विकतंय असं कळलं. १९ मे २०२४, रविवार. गेले, पाहिलं. चार बाटल्यांचं, इटलीत बनलेलं, दोन कप्पे थंड आणि दोन मध्यम गार. एक लाख पंच्याऐंशी हजारांत ठरलं. इथे मी पहिली चूक केली. थंडावा नीट येतोय हे पाहिलं, पण गॅस लावून ओतून पाहिलं नाही, कारण त्यांच्याकडे सिलिंडर शिल्लक नव्हतं. तुम्ही जुनं घेणार असाल तर स्वतःचं छोटं सिलिंडर घेऊन जा, नाहीतर दहा हजार अजून कमी करून घ्या. बूच, रबरी वायसर आणि नळ्या यांच्यावर मला पुढे साडेचौदा हजार घालावे लागले. टेम्पोचे नऊ हजार वेगळे. अडीचशे किलोमीटर मशीन उभंच आणायचं आणि आणल्यावर एक दिवस बंद ठेवायचं, फ्रिजसारखंच. ड्रायव्हरला हे तीनदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, पेशंट नेतोय का सामान?"

मशीन २७ मे रोजी आलं आणि चादर पांघरून कोपऱ्यात उभं राहिलं, कारण परवानगी नव्हती.

आमचं लायसन्स परमिट रूमचं, एफएल-३. ते अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर आहे. लायसन्ससोबत जागेचा मंजूर नकाशा असतो: काउंटर कुठे, स्टोअर कुठे, बसायची जागा कुठे, दारं किती. त्यात बदल करायचा तर आधी विचारायचं. मशीन ही वस्तू आहे, भिंत नाही, तिच्यासाठी परवानगी कशाला, असं मला चार जणांनी सांगितलं. मी तरी विचारलं, आणि बरं झालं. प्रश्न मशीनचा नव्हताच. गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने दारू घेणार का, हा होता.

१० जूनला राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज दिला. अर्जासोबत जुन्या नकाशाची झेरॉक्स जोडली आणि तीच नेमकी २०१६ च्या दुरुस्तीच्या आधीची निघाली. चूक माझी. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नवा नकाशा होता, पण अर्जावर सही माझी. लायसन्स ज्याच्या नावावर, सही त्याची, किंवा मग अधिकारपत्र. अधिकारपत्रावरही सही त्याचीच. तोवर जुलै उजाडला होता आणि अण्णा वारीला गेले होते.

हो, आमचे अण्णा माळकरी आहेत. हॉटेल काढलं १९९१ साली, परमिट रूम झाली १९९८ साली, आणि दारूचा थेंब आजवर तोंडात गेलेला नाही. ते दरवर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर चालतात. घरात यावर कुणी काही बोलत नाही, अण्णाही नाहीत.

शेवटी आषाढीच्या चार-पाच दिवस आधी, पालखी अकलूजला असताना, मी गाडी काढली. सोलापूरहून अकलूज शंभर-सव्वाशे किलोमीटर. गावात शिरायला दोन तास लागले, रिंगणाची गर्दी होती. अण्णांचा फोन लागेना. दिंडीचा नंबर माहीत होता, म्हणून एका शाळेच्या पटांगणात सापडले. भाकरी खात बसले होते, पायाला फडकं गुंडाळलेलं. मी कागद काढले. त्यांनी हात धुतले, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, चष्मा चढवला आणि सगळा अर्ज वाचला. मग म्हणाले, "यंत्रातनं दारू काढायची, त्याला माझी सही. विठ्ठल विठ्ठल." आणि तीन ठिकाणी सही केली. कागदाच्या कोपऱ्यावर बुक्क्याचं बोट उमटलं. तो अर्ज तसाच दाखल आहे.

गंमत अशी की ज्या वाइनसाठी हे चाललं होतं तीही अकलूजकडचीच. फ्रातेल्लीची द्राक्षं याच भागात होतात. सेच्ची, सेखरी आणि मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावाभावांनी मिळून काढलेली वायनरी, आणि इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊच. आमच्या जिल्ह्यातली वाइन मुंबई-दिल्लीत पितात आणि सोलापुरात लोक विचारतात, "गोड आहे का हो?"

परवानगीचं पत्र २१ ऑगस्टला हातात आलं. त्याआधी एकदा खात्याचे लोक जागा पाहायला आले होते. मशीन काउंटरच्या आत हवं, कार्ड आमच्या माणसाच्या हातात हवं, उघड्या बाटल्यांची नोंद रोजच्या स्टॉक रजिस्टरमध्ये मिलीमध्ये हवी, असं ठरलं. म्हणजे ‘सेल्फ सर्व्हिस’ची हवाच निघाली. त्या दिवशी थोडं वाईट वाटलं. हे माझ्या जागेपुरतं झालं. तुमच्याकडे काय म्हणतात ते तुम्ही विचारा, आणि लेखीच विचारा, तोंडी होकारावर काउंटर फोडू नका.

दुसरा खुंटा आमच्या सीएंनी मारला. माझा बेत होता की गिऱ्हाइकाने हजार-दोन हजारांचं कार्ड भरून घ्यावं आणि महिनाभर वापरावं. ते म्हणाले, "पैसे कार्डात आले तेव्हा विक्री झाली, का वाइन ग्लासात पडली तेव्हा? आणि उरलेल्या पैशाचं काय?" दारू जीएसटीत नाही, तिच्यावर व्हॅट, आणि तो परमिट रूममध्ये १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के झालेला. जेवणावर जीएसटी. एकाच कार्डातून वाइनही आणि शेंगा चटणी-भाकरीही गेली तर हिशेबाचा पार चिवडा. म्हणून आम्ही कार्डात आधी पैसे भरून घेतच नाही. टेबलाला एक कार्ड, मशीन त्यावर किती मिली गेलं ते मोजतं, शेवटी बिल. दारूचं वेगळं, जेवणाचं वेगळं.

आता गॅस. सगळ्यात जास्त मी इथे अडखळले, म्हणून सविस्तर.

आरगॉन सोलापुरात मिळतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंगवाले रोज वापरतात. एका दुकानात गेले, म्हणाले, "स्टेनलेसचं काम का ॲल्युमिनियमचं?" मी म्हटलं, वाइनचं. त्यांनी आत हाक मारून अजून दोघांना बोलावलं. माणसं भली होती, त्यांनीच सांगितलं की बाई, हा गॅस शुद्ध असतो, पण आमची सिलिंडरं, वॉल्व्ह, नळ्या कुठे कुठे फिरून येतात, खाण्यापिण्याला वापरू नका. खाद्य दर्जाचा आरगॉन प्रमाणपत्रासकट मागवायचा. प्रमाणपत्रावर ९३८ हा खाद्यपदार्थांतला क्रमांक पाहायचा. नायट्रोजन घेतलात तर ९४१. मला पुण्याहून आणावा लागला. आरगॉनचं सिलिंडर निळं असतं आणि नायट्रोजनचं करड्या रंगाचं, मान काळी. रेग्युलेटरही त्या-त्या गॅसचाच घ्यायचा.

सात घनमीटरचं सिलिंडर आलं. हिशेब सोपा: एका बाटलीला दोन-तीन लिटर गॅस धरा, सिलिंडरात सात हजार लिटर. दोन वर्षं बघायला नको. आमचं अकरा दिवसांत रिकामं झालं. अजून एक थेंब वाइन ओतलेली नव्हती!

गळती होती. रेग्युलेटरच्या नटाला, जो मीच हाताने आवळला होता. साबणाचा फेस लावला तर भुळूभुळू बुडबुडे. आणि ते सिलिंडर मी कुठे ठेवलं होतं? जिन्याखालच्या बंद खोलीत, जिथे आमचा पोऱ्या बटाटे काढायला वाकून जातो. आरगॉनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड, खाली साचतो आणि ऑक्सिजनला जागा ठेवत नाही. हे सगळं मला माहीत होतं, मशीनसाठी तोच तर हवा होता, पण माणसाच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सिलिंडर मागच्या उघड्या बोळात हलवलं, भिंतीला साखळीने बांधलं, आणि तेव्हापासून रात्री बंद करताना मुख्य वॉल्व्ह बंद झाला का हे मी स्वतः पाहते. तुम्ही लहान सिलिंडर घ्या, दीड घनमीटरचं पुष्कळ. आणि फेस लावून पाहिल्याशिवाय बाटली चढवू नका.

ऑक्टोबरभर पाण्यावर चाचणी केली. वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून. मशीनची स्क्रीन इटालियनमध्ये होती आणि भाषा बदलायचा रस्ता दहा दिवस सापडला नाही. धुण्याच्या बटणावर ‘लावाज्जो’ असं लिहिलेलं. आमचे सगळ्यात जुने वेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना मी ते वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "लावा जा? बरं, लावतो." आता भाषा इंग्रजी झाली आहे, पण सोमवारच्या सफाईला आमच्याकडे अजून ‘लावाजा’च म्हणतात.

पाण्याचं सांगायलाच हवं. सोलापूरकरांना माहीत आहे, नळाला पाणी रोज नाही. टाकीतल्या पाण्याने धुतलं की तोट्यांवर पांढरा थर धरतो. आम्ही सफाईला जारचं पाणी वापरतो, दर सोमवारी एक जार. शिवाय दोन केव्हीएचा स्टॅबिलायझर आठ हजारांना बसवला. इथला मे तापला की त्रेचाळीस-चव्वेचाळीस सहज गाठतो, आणि त्या कपाटात व्हाइट आठ-दहा अंशांवर आणि रेड सोळा-अठरावर राहायला हवी. मशीनच्या मागे वीतभर जागा सोडा, नाहीतर कॉम्प्रेसर धापा टाकतो.

याच दिवसांत अण्णा एकदा काउंटरला येऊन उभे राहिले. बटण दाबू का म्हणाले. दाबलं. ग्लासात तीस मिली पाणी पडलं, त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, प्यायलं आणि म्हणाले, "कमी आहे."

बरोबर होतं. शिक्क्याच्या मापात ओतून पाहिलं तर चोवीस मिली. आमचं मशीन वॉल्व्ह ठरावीक वेळ उघडं ठेवतं, गॅसचा दाब कमी असेल तर तेवढ्याच वेळात माल कमी पडतो. दाब पुस्तकात दिल्याप्रमाणे केला, वेळ वाढवली. आता रोज दुपारी उघडायच्या आधी चारही तोट्या शिक्का मारलेल्या मापात ओतून तपासतो. पेगचं माप सोलापुरातल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यात असतं, सहा मिली गेले तर तो विचारणारच, "काय ताई, पेग मारलाव का?"

९ नोव्हेंबर, शनिवारी चालू केलं. दोन व्हाइट, दोन रेड. सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां, सांजोवेझे आणि शिराझ. संध्याकाळपर्यंत चारही बाटल्या उघडून मशीनवर चढल्या होत्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की मंगळवारी, १२ तारखेला, कार्तिकी. ड्राय डे. त्यानंतर १८ च्या संध्याकाळपासून २० तारखेच्या मतदानापर्यंत बंद. २३ ला मतमोजणी, पुन्हा बंद. मुहूर्त काढताना घरात पंचांग पाहिलं होतं, विधानसभेचं वेळापत्रक कुणी पाहिलंच नाही.

पण त्यामुळे मशीनची खरी परीक्षा झाली. आधीची वाइन तिसऱ्या दिवशी जायची. २४ नोव्हेंबरला, म्हणजे पंधराव्या दिवशी, मी त्याच सांजोवेझेच्या बाटलीतून ३० मिली घेतली आणि शेजारी नवी बाटली उघडून तिच्यातली घेतली. मामांना डोळे मिटायला लावले. त्यांना फरक कळला नाही. मला वासात किंचित कळला. सोव्हिन्यों ब्लां मात्र एकविसाव्या दिवशी थकलेली वाटली, तिचा तो हिरवट, ताजा वास ओसरला होता. तेव्हापासून आम्ही बाटलीवर उघडल्याची तारीख चिकटवतो: व्हाइट बारा दिवस, रेड अठरा. फसफसणारी वाइन या मशीनला लावायची नाही, तिचा दाब निराळा.

तीस मिलीचे आम्ही ऐंशी ते सव्वाशे रुपये घेतो. पहिले दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. तीस मिली मागायची लोकांना लाज वाटते, हे मी धरलंच नव्हतं. व्हिस्कीचा तीसचा पेग मागताना वाटत नाही, पण ‘चव घ्यायला’ म्हटलं की फुकटात मागितल्यासारखं वाटतं. मग मामांनी शब्द बदलला. ते टेबलाशी जाऊन म्हणतात, "साहेब, चारी थोडी थोडी आणू का?" तेव्हापासून चालतं. बटण ते दाबतात, गिऱ्हाईक काउंटरला टेकून बघतं. फॅमिली सेक्शनमधल्या बायका मात्र उठून येतात आणि कोणती का ते नीट विचारतात. झणझणीत खाण्यावर शिराझ घेऊ नका, तोंड आणखी पेटतं, हे मी प्रत्येकीला सांगते. शेंगा चटणीला शेनिन बरी.

जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असताना, नान्नजकडचे दोन द्राक्षबागायतदार आले. सोनाका, माणिक चमन असा खायच्या द्राक्षांचा माल लावणारे. वाइन दोघांनीही कधी घेतलेली नव्हती. त्यांनी चारही चाखल्या, सांजोवेझेला तोंड वाकडं केलं आणि धाकटे म्हणाले, "तोडताना ब्रिक्स किती असतो हिला?" ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. मी म्हटलं, वाइनच्या द्राक्षाला साधारण बावीस-चोवीस. "मग गोडी गेली कुठं?" गोडीचीच दारू होते, हे सांगितल्यावर थोरल्यांनी ग्लास परत उचलला, उरलेला घोट तोंडात घोळवला आणि म्हणाले, "म्हणजे आपण उन्हाळाभर साखर राखतो आणि हे लोक ती खर्चून टाकतात." पुढच्या शनिवारी ते खिशात ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन आले. दारूत अल्कोहोल असल्यामुळे त्यात आकडा खरा दिसत नाही, पण त्यांना थेंब टाकून बघायचंच होतं, मामांनी बघू दिलं. तो थेंब मी रजिस्टरला धरला नाही.

हिशेब: मशीन, टेम्पो, सुटे भाग, स्टॅबिलायझर, दोन सिलिंडरांची अनामत आणि गॅस मिळून दोन लाख बेचाळीस हजार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी किचनमध्ये गेलेल्या बाटल्या तीन. तुमचा खप रोजचा दोन-चार ग्लासांचाच असेल तर एवढं करू नका. बुचातून सुई घालून आरगॉन सोडणारं कोराविन नावाचं हातातलं यंत्र मिळतं, तेवढ्यावर भागेल.

सध्या तिसऱ्या तोटीचा वायसर गेलाय. पुण्याहून गुरुवारी येणार आहे. तोवर शिराझ बंद, आणि रिकाम्या जागी मामांनी पाण्याची बाटली लावून ठेवली आहे. अण्णा संध्याकाळी येतात तेव्हा तेवढं बटण तेच दाबतात.